मदत हवी आहे : नाताळला पुस्तकं द्यायचीत. पाच माणसं, पाच तऱ्हेचे वाचक. काय निवडू?

नमस्कार मंडळी,

मी बोरिवलीला आय. सी. कॉलनीजवळ राहते. शेजारचं कुटुंब मूळचं वसईकडचं, कॅथलिक, घरात सगळे मराठीच बोलतात. दिवाळीला आमचा फराळ त्यांच्याकडे जातो, नाताळला त्यांचे कुलकुल, नेवऱ्या आणि डोदोल आमच्याकडे येतात. यंदा घरातल्या प्रत्येकाला एकेक पुस्तक द्यायचं मनात आहे. पाचही पुस्तकं मिळून दोन-अडीच हजारांत बसवायचीत.

एक विनंती. 'प्रत्येकाने वाचायलाच हवीत' अशी यादी कृपया देऊ नका, तशा याद्या माझ्याकडे भरपूर आहेत. समोरचा माणूस कधी वाचतो, किती वेळ वाचतो, त्याला काय दिसतं आणि काय झेपतं, यावरून पुस्तक निवडायचंय. भेट म्हणून आलेली चांगली पुस्तकं शोकेसमध्ये न उघडता पडलेली मी खूप घरांत पाहिली आहेत.

आधी आजींचं, कारण या घरात वाचनाची खरी ओढ त्यांनाच. वय ऐंशीच्या पुढे, शिक्षण मराठी शाळेत. वसईच्या ख्रिस्ती समाजाचं 'सुवार्ता' मासिक त्या कित्येक वर्षं वाचत आल्या आहेत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल', ज्याला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, ते त्यांच्या उशाशी असतं. पण आता बारीक टाइप दिसत नाही. भिंग ओळीवरून सरकवत वाचतात, ओळ संपली की डाव्या हाताचं बोट पुढच्या ओळीच्या सुरुवातीला आधीच ठेवलेलं असतं. त्यात मनगट दुखतं, म्हणून जाड पुस्तक मांडीवर उशी घेऊन तिच्यावर ठेवावं लागतं. थोडक्यात मोठा टाइप, हलकं पुस्तक आणि एका बैठकीत संपेल एवढं प्रकरण, या तिन्ही गोष्टी हव्यात.

पहिल्यांदा डोक्यात आलं ते अर्थातच लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे'. पती रेव्हरंड टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, त्यानंतर त्या बाईने जे सोसलं आणि ज्या खेळकरपणे लिहिलं, त्याला मराठीत तोड नाही असं माझं ठाम मत आहे. पण आजींनी ते वाचलेलं असणार, शिवाय आकारानेही मोठं आहे. आणि खरं सांगायचं तर नाताळ आहे म्हणून ख्रिस्ती विषयाचंच पुस्तक द्यावं हे मला पटत नाही. दिवाळीला आपण एकमेकांना पोथ्या देत नाही.

म्हणून सध्या प्रकाश नारायण संतांच्या 'वनवास'वर आलेय. आजी-आजोबांकडे वाढणारा लंपन, सुट्या कथा, एक वाचून ठेवून दिली तरी चालते. प्रश्न फक्त टाइपचा. मोठ्या टाइपात छापलेली मराठी ललित पुस्तकं कोणी काढतं का? का सरळ स्टोरीटेलवर ऑडिओबुक लावून द्यावं? ऐकायला त्यांना आवडेल, पण मोबाइल दर वेळी नातीकडून सुरू करून घ्यावा लागेल आणि त्यांना कोणावर अवलंबून राहायला आवडत नाही. घरच्या ज्येष्ठांसाठी कोणी ऑडिओचा प्रयोग केला असेल तर तो चालला की नाही, ते जरूर लिहा.

धाकटा नातू तिसरीत, इंग्रजी माध्यम. मराठी फडाफडा बोलतो, वाचताना मात्र जोडाक्षराशी अडतो. परवा लिफ्टजवळची सोसायटीची नोटीस मोठ्याने वाचत होता. 'पाणी', 'बंद', 'राहील' सहज झालं, 'गच्चीच्या दुरुस्तीसाठी'शी आल्यावर 'च्ची' आणि 'स्ती' दोन्हीकडे थांबला, पण सोडलं नाही, फोडून फोडून वाचलंच. या मुलाला आत्ता योग्य पुस्तक मिळालं तर तो मराठी वाचक होईल, नाहीतर दोन वर्षांत हा रस्ता बंद होईल, असं मला मनापासून वाटतं. म्हणून याचं पुस्तक चुकायला नको. माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर' चित्रं आणि भाषा दोन्हींत सुरेख आहे, पण आठ वर्षांच्या मुलाला ते 'बाळांचं' वाटेल. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे त्याला नक्की आवडेल, पण स्वतः वाचायला आज जड जाईल. शिवाय बालभारतीचं 'किशोर' आहे, १९७१ पासून चालू असलेलं मासिक. वर्गणी भरली तर दर महिन्याला काहीतरी हातात पडेल, पण नाताळच्या दिवशी उघडायला काय देऊ? याच्या वयाला आणि वाचायच्या वेगाला बसणारी पुस्तकं सुचवा. ओळी कमी, चित्रं जास्त, पण गोष्ट मात्र मोठ्या मुलाची हवी.

नात अकरावीत आहे. इंग्रजीच वाचते, मांगा (जपानी कॉमिक्स) वाचते आणि स्वतः उत्तम चित्रं काढते. तिच्यावर मराठी लादणार नाही. जेरी पिंटो यांची 'एम अँड द बिग हूम' ही कादंबरी मला फार जवळची. माहीममधलं गोव्याकडचं कॅथलिक कुटुंब, घर ओळखीचं वाटेल. पण त्यात आईचा मानसिक आजार आणि आत्महत्येचे प्रयत्न आहेत. तिच्या आईला विचारल्याशिवाय सोळा वर्षांच्या मुलीला सणाची भेट म्हणून ते देणार नाही. त्याऐवजी 'भीमायन' बघतेय. बाबासाहेबांचं चरित्र, दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी गोंड शैलीत चितारलेलं. त्यात नेहमीच्या कॉमिकसारख्या काटकोनी चौकटी नाहीत, पान दिगणा या गोंडांच्या पारंपरिक नक्षीने विभागलेलं आहे. चित्रं काढणाऱ्या मुलीला हे दाखवावंसंच वाटतं. मांगा वाचणारी मुलं घरात असतील तर त्यांना ते कसं वाटलं, सांगाल?

काका रेल्वेत आहेत, लोकलमध्ये बसायला मिळालं तर वाचतात. त्यांच्यासाठी व्यंकटेश माडगूळकरांचं 'माणदेशी माणसं' जवळपास नक्की : छोटं पुस्तक, एकेक माणूस एकेका प्रवासात संपतो.

काकूंना मात्र 'वेळच मिळत नाही' आणि ते खरंच आहे. पाककृतींचं पुस्तक द्यायचं नाही, म्हणजे भेटीतूनही परत स्वयंपाकघरच. त्यांच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये कुंड्या आहेत, कुठल्या महिन्यात काय फुलतं हे त्या बारकाईने बघतात. दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' म्हणजे महिन्याला एक लेख. पूर्ण वाचायची घाई नाही, त्या त्या महिन्यात ते ते पान उघडायचं. भाषा थोडी भरजरी आहे, एवढीच शंका. याहून साधं, झाडाफुलांवरचं मराठीत काय आहे?

पुस्तकं ऑनलाइन मागवणार नाही, टाइप आणि वजन हातात घेऊनच बघायचंय. मराठीसाठी दादरला छबिलदासच्या गल्लीत आयडियलमध्ये आणि इंग्रजीसाठी फोर्टच्या किताबखान्यात जायचा विचार आहे. मुलांच्या मराठी पुस्तकांसाठी पश्चिम उपनगरात चांगलं दुकान आहे का?

पहिल्या पानावर नाव आणि दोन ओळी लिहून द्यायला मला आवडतं, पण मग घरात असलेलं पुस्तक निघालं तर बदलता येत नाही. तुम्ही काय करता? आणि द्यायची वेळ कोणती? आइसलंडमध्ये २४ डिसेंबरच्या संध्याकाळी पुस्तकं देतात, पण इथे त्या संध्याकाळी घरात करंज्यांची शेवटची घाई आणि मिडनाइट मासची तयारी चालू असते. २५ ला दुपारी जेवणानंतर न्यावीत असं वाटतंय. ज्यांच्या घरी नाताळ असतो त्यांनी कृपया सांगा.

२० तारखेच्या आत खरेदी करायची आहे. आजी आणि नातवासाठीच्या सूचना आधी आल्या तर बरं होईल.