किचनला रामा हिरवा केला. हो, शुद्धीत होते.

मधलीआळी:
परवाची ती पोस्ट वाचून दोन दिवस गप्प बसले, पण आज पोळ्या लाटताना परत आठवली आणि परत डोकं फिरलं. "किचन पांढरं, ऑफव्हाइट नाहीतर राखाडीच करा, भडक रंग म्हणजे दोन वर्षांची हौस, फ्लॅट विकताना गिऱ्हाईक नाक मुरडतं" असं त्या गृहस्थांचं म्हणणं आणि खाली सगळ्यांच्या माना डोलतायत.

अहो पण विकायचाय कुणाला? हप्ते आम्ही फेडायचे, रोज तीन तास तिथे मी उभं राहायचं, आणि रंग कुठल्या तरी गिऱ्हाइकाच्या आवडीचा, ज्याचा अजून पत्ता नाही? तर माझं सांगते. डोंबिवली, दुसरा मजला, किचन 8 बाय 9. खालच्या ट्रॉल्यांची शटर्स रामा हिरवी, वरची कपाटं चिंतामणी, खिडकीकडची बाजू हळदीसारखी पिवळी. ओटा जुनाच, काळा ग्रॅनाइट, तेवढा ठेवला. फर्निचरवाल्याने तीनदा विचारलं "मॅडम, नक्की?" आणि चौथ्यांदा मला न विचारता ह्यांना फोन लावला. हे म्हणाले तिला विचारा, मला वेळेवर पोळी मिळाल्याशी मतलब. साडीला रामा अंग आणि चिंतामणी काठ असला की "काय कॉम्बिनेशन आहे गं" म्हणणाऱ्या बायका माझ्या किचनच्या दारात उभ्या राहून "अगंबाई" म्हणाल्या. साडेतीन वर्षं झाली. जुलैत बाहेर आठ-आठ दिवस सगळं करडं असतं, तेव्हा पहाटे साडेपाचला लाइट लावला की मला बरं वाटतं. एवढंच कारण आहे, आणि मला ते पुरतं.

निवांतनाना:
ते गृहस्थ मीच. रंग वाईट असतात असं मी कुठेही लिहिलेलं नाही, नीट वाचा. मी दोन फ्लॅट विकलेत. पहिल्याचं किचन आमच्या धाकट्या भावाच्या हौसेने जांभळं केलेलं, आलेल्या प्रत्येक माणसाने पहिलं वाक्य "हे काढायला किती येईल" हेच बोललं आणि शेवटी ते पैसे आमच्याच किमतीतून गेले. दुसरी गोष्ट तुमच्यापैकी कुणी बोलत नाही. सिंकखालचं शटर पाच वर्षांत फुगतंच, ते बदलायला जाल तेव्हा तुमचा तो रामा हिरवा शेड कंपनीने बंद केलेला असतो. पांढरा कधी बंद होत नाही.

हळदकुंकू:
पांढरा बंद होत नाही, पण पांढरा राहत पण नाही ना नाना! माझ्याकडे या. पांढरी शटर्स, पांढरा क्वार्ट्झचा ओटा, सगळं त्या मासिकात असतं तसं. लोणच्याच्या मसाल्याची वाटी कलंडली आणि रात्री दिसली नाही, सकाळी पिवळा नकाशा. साबणाने घासला तर आधी लाल झाला, मी रडायचीच बाकी. आई म्हणाली हळदीचा डाग उन्हात उडतो. उडतो गं, रुमालाचा उडतो, ओटा गच्चीत नेऊन वाळत घालू का? त्या पिवळ्या भिंतीवर तेल उडतं त्याचं काय करता, ते सांगा आधी.

दगडधोंडा:
क्वार्ट्झ घेतलात तिथेच चुकलात. तो अख्खा दगड नव्हे, दगडाचा चुरा आणि रेझिन, म्हणजे तो चुरा धरून ठेवणारं प्लास्टिकसारखं चिकटद्रव्य. गरम कढई थेट टेकवली की रेझिन करपतं, तो डाग जन्मात जात नाही. आणि कापणाऱ्यांचे हाल कुणी बघत नाही, ती धूळ छातीत जाऊन सिलिकोसिस हा फुफ्फुसाचा रोग होतो. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून असला बनवलेला दगड वापरायलाच बंदी घातली. आपल्याकडे पोरं तोंडाला नुसता रुमाल बांधून कापतात. कडाप्पा घाला, शंभर वर्षं बघायला नको.

हळदकुंकू:
कडाप्पा? लिंबू पिळलं की पांढरे डाग. चुनखडी आहे ती दादा, आमच्या जुन्या घरात कोकमाच्या आगळाने नक्षी काढलेली होती. असो, माझा प्रश्न भिंतीचा होता.

माइनकाठची:
मी फ्रँकफर्टला असते. इथे रोमरश्टाटमध्ये एक जुनं घर जपलंय, त्यात 1926 साली आखलेलं फ्रँकफर्ट किचन बघता येतं. सगळ्या मॉड्युलर किचनांची आजी म्हणा. मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की नावाच्या आर्किटेक्ट बाईंनी केलं, साधारण दहा हजार सरकारी घरांत बसवलं, आणि रंग बघाल तर निळा-हिरवा! म्हणजे मधलीआळीताई, तुमचाच. तेव्हा समज होता की त्या रंगावर माश्या बसत नाहीत. तेव्हा पांढरं म्हणजे कायमचं आणि रंग म्हणजे फॅड, हे कुणी सांगितलं नानांना?

निवांतनाना:
माश्या बसत नाहीत म्हणून रंग दिला, हौस म्हणून नाही. माझाच मुद्दा झाला.

कोपरापासून:
तुमचं रंगपुराण चालू द्या. मी 4 फूट 11 इंच आहे. बिल्डरने दिलेला ओटा 34 इंच. त्यावर शेगडी पाचेक इंच, त्यावर कुकर. आमटीत काय चाललंय ते बघायला मी टाचा वर करते. कणीक तर उभ्याने मळताच येत नाही, खांदे वर येतात, परात घेऊन खाली बसते. किचन बोल्ड करायचं ना, मग बाईच्या मापाचं करा, रंग गेला खड्ड्यात.

लांबटांग:
आमच्याकडे उलटं. मी सहा फूट, भांडी मी घासतो (हो, घासतो), सिंक एवढं खाली की कंबर मोडते. मी 36 करून घेतला. बायको आता भाजी डायनिंग टेबलवर चिरते.

कोपरापासून:
म्हणजे घासायला दिवसातून वीस मिनिटं उभं राहणाऱ्याच्या मापाचा ओटा, आणि तीन तास उभी राहणारी गेली टेबलावर. व्वा.

लांबटांग:
तिला विचारून केलं. तुम्ही आमच्या घरात होतात का?

कोपरापासून:
नव्हते. पण माझ्या सासरी होते. सुतार टेप घेऊन आला तेव्हा मोजायला उभे कोण राहिले? सासरे! ज्यांनी आयुष्यात चहासुद्धा केला नाही. सासूबाई आतून म्हणाल्या "जरा खाली घ्या", तर सुतार म्हणाला "आजी, स्टँडर्ड असतं ते." त्यांची मान गेली त्या स्टँडर्डपायी, पट्टा लावून पोळ्या करायच्या.

निवांतनाना:
प्रत्येक गोष्टीत बाई-पुरुष आणलंच पाहिजे का? ओटा आहे तो, खापपंचायत नव्हे.

मधलीआळी:
नाना, फर्निचरवाल्याने चौथ्यांदा फोन कुणाला लावला ते मी वरच लिहिलंय. आणायची गरज नसते, असतंच ते.

माइनकाठची:
माझा इथला ओटा 91 सेंटीमीटर, मी 5 फूट 1. भाड्याचं घर, तोडता येत नाही. पाटावर उभी राहून कणीक मळते. भारतातून आणलेला पाट, कस्टमवाल्याने विचारलं हे काय, मी म्हटलं स्टूल. त्या 1926 च्या किचनमध्ये खिडकीशी बसून चिरायला एक फिरतं स्टूल ठेवलंय. आणि गंमत म्हणजे त्या बाईंनी स्वतः सांगून ठेवलंय की तोवर त्यांनी कधी स्वयंपाक केलेला नव्हता.

दगडधोंडा:
हे बरंय! मग सासऱ्यांना का बोलता?

कोपरापासून:
त्यांनी बसायला स्टूल दिलं, दादा. सासऱ्यांनी काय दिलं?

लांबटांग:
बरं, मग करायचं काय? एका घरात सहा फूट आणि पाच फूट राहत असतील तर? भांडून झालं असेल तर उपाय सांगा.

कोपरापासून:
दोन उंच्या. ओटा एका रेषेत हवा असं कुणी सांगितलं? सरळ उभं राहून हात कोपरात दुमडायचा, कोपराच्या चारेक इंच खाली चिरायची जागा. मळायला-लाटायला त्याहून खाली. सिंकचा तुकडा तुमच्या मापाने वर. मी बहिणीकडे करून घेतलंय, दोन पायऱ्या पडल्यात ओट्याला, बघायला विचित्र दिसतं. सगळे येऊन विचारतात "लेव्हल चुकली का?"

लांबटांग:
हम्म. हे सुतार मनावर घेणार नाही पण. आणि फट राहते तिथे झुरळं.

कोपरापासून:
फट मिस्त्रीच्या कामात असते, उंचीत नाही.

लांबटांग:
ठीके. बायकोला दाखवलं. ती म्हणतेय "मी हेच म्हणाले होते." मला आठवत नाही, पण म्हणाली असेल.

मधलीआळी:
माझा धागा होता हा, रंगाचा. असू दे. नाना, शेड बंद होतो हे मात्र खरंय, मान्य. माझं सिंकखालचं शटर फुगलं गेल्या पावसाळ्यात. फक्त मी तेव्हाच 8 बाय 4 ची एक शीट जास्तीची घेऊन पलंगामागे उभी करून ठेवली होती. ह्यांनी तीन वर्षं टोमणे मारले त्यावरून.

निवांतनाना:
एक शीट पलंगामागे ठेवून जगायचं म्हणजे हौसेची किंमत झालीच की. पण अक्कल लावलीत, नाही म्हणत नाही. फोटो टाका, बघू तरी किती भडक आहे.

मधलीआळी:
टाकला असता, पण आत्ता ओट्यावर पसारा आहे.

हळदकुंकू:
अहो तेल! पिवळ्या भिंतीवरचं तेल! सकाळपासून विचारतेय.

मधलीआळी:
अगं टाइल्स आहेत त्या, रंग नाही. गरम पाण्याने पुसते.