गंगेच्या पुरावर शॉर्टफिल्म: पहिला शॉट ड्रोनचा की ट्रॉलीचा?

घाटावरचा:
१५ मिनिटांची फिल्म आहे. नाशिकला रामकुंडाजवळ पूजेचं साहित्य विकणारी बाई, गंगेला (आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात) पाणी चढतंय, तिला दुकान आवरायचंय. मित्र म्हणतात ड्रोन लाव, सगळी पंचवटी दाखवत खाली उतर. मला वाटतं, ट्रॉलीवरून, म्हणजे चाकांच्या गाडीवर कॅमेरा ठेवून, दुकानांच्या रांगेतून तिच्यापर्यंत जावं. काय करू?

ट्रॉलीवाले काका:
बाईचं लक्ष कुठे आहे? पाण्यावर. ड्रोनला दिसतं ते तिला दिसत नाही. पुराच्या दिवशी घाटावरचा माणूस एकच बघतो, दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं. नदीपात्रातली ही मूर्तीच इथे पुराचं माप.

मी असा घेईन. कॅमेरा स्टँडवर, फक्त तिचे हात. कुंकवाच्या पुड्या पिशवीत भरतायत, बोटं लाल झालीत. हात थांबतात. टिल्ट करून, म्हणजे कॅमेरा जागेवरच वर उचलून, चेहऱ्यावर या. ती बघते तिकडे पॅन, म्हणजे कॅमेरा जागेवरच आडवा वळवा. पाणी मारुतीच्या पायांना लागलंय. तिथे मनात पाच मोजा, मगच परत फिरा. याल तेव्हा फळी निम्मी रिकामी असू दे.

पॅन मात्र सावकाश. सेकंदाला २४ फ्रेमने शूट करताना एखादी वस्तू चित्राच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जायला सातेक सेकंद द्यायचे, नाहीतर उभ्या रेषा थरथरतात. याच घाटावर मी एकदा घाई केली होती. मोठ्या पडद्यावर बघितलं तर देवळांचे खांब नाचत होते. परत गेलो तोवर पाणी ओसरलेलं. तो शॉट गेला तो गेलाच, अजून सलतो.

दुकानात ट्यूब असेल तर शटर १/५० सेकंद ठेवा, उजेड लुकलुकणार नाही.

नवशिका:
काका, स्टँड जागेवरच आहे, तर शेवटी झूम करून तिच्यापर्यंत गेलं तर?

ट्रॉलीवाले काका:
झूममध्ये जवळचं-लांबचं सगळं एकाच मापाने मोठं होतं, आपण जागेवरच. ट्रॉली पुढे गेली की जवळची दुकानं भराभर बाजूला सरकतात, लांबचं देऊळ फारसं वाढत नाही, म्हणून चालत गेल्यासारखं वाटतं. इथे दोन्ही नकोत. ती जागची हललेली नाही, आपणही हलू नये.

घाटावरचा:
आज सकाळी मोबाइलवर करून बघितलं. हातांवरून चेहऱ्यावर येताना अंगावर काटा आला. पण मारुतीच्या आड विजेचा खांब येतोय.

ट्रॉलीवाले काका:
दुकान चार हात डावीकडे मांडा. आणि पाणी चढायला लागलं की आधी माणसं वर घ्या, मग कॅमेरा.