'ग्रीफ' म्हणजे दरवेळी दुःखच का?

प्रश्न
इंग्रजीतून भाषांतर करताना 'ग्रीफ' (grief) वारंवार येतोय. कोशात दुःख, शोक, खेद सगळं एकाच ओळीत दिलंय. 'सॉरो' (sorrow) आणि 'मोर्निंग' (mourning, सकाळ नव्हे) यांपासून तो वेगळा कसा काढायचा? शिवाय 'द प्लॅन केम टू ग्रीफ' इथे दुःख बसतच नाहीये.

प्रतिसाद १
'दुःख' फार ऐसपैस शब्द आहे, तो 'सॉरो'साठी राखून ठेवा. ग्रीफ म्हणजे शोक: माणूस गेल्याचा, काही कायमचं गमावल्याचा. करुण रसाचा स्थायीभाव असलेला शोक तोच. 'मोर्निंग' म्हणजे तो बाहेर दिसणं, पाळणं. घरात सुतक, सरकारी पातळीवर दुखवटा. ('राष्ट्रीय शोक' हा हिंदी बातम्यांचा प्रसाद.)
एक खाचखळगा: 'त्यांना पितृशोक झाला' म्हणजे वडील वारले. तिथे इंग्रजीत 'ग्रीफ' नव्हे, 'बिरीव्हमेंट'.

प्रतिसाद २
मूळ लॅटिन 'ग्राविस', म्हणजे जड. आपला 'गुरू' (लघु-गुरूतला) त्याच कुळातला. म्हणून या घराण्यातले सगळेच शब्द रडके नाहीत. 'ग्रिव्हन्स' म्हणजे तक्रार, गाऱ्हाणं. 'ग्रीव्हस हर्ट' म्हणजे कायद्याच्या मराठीत 'जबर दुखापत'. भारतीय दंड संहितेत तिची व्याख्या कलम 320 मध्ये होती, भारतीय न्याय संहितेत ती 116 मध्ये आहे. उच्चार 'ग्रीव्हस'. 'ग्रीव्हियस' म्हणणारे भरपूर भेटतात, तरी चूकच.

प्रतिसाद ३
'केम टू ग्रीफ'ला बेत असेल तर 'फसला' किंवा 'बारगळला'. घोडेस्वार असेल तर सरळ 'आपटला'. 'डोन्ट गिव्ह मी ग्रीफ' म्हणजे 'डोकं खाऊ नकोस'. 'गुड ग्रीफ!' म्हणजे 'अरे देवा!'. यातल्या एकाही ठिकाणी शोक लिहिलात तर वाचक हसेल.

प्रश्नकर्ता
आणि क्रियापद? 'शी इज स्टिल ग्रीव्हिंग फॉर हर सन' याचं 'ती अजून मुलासाठी शोक करत आहे' केलंय. कानाला खटकतंय.

प्रतिसाद १
खटकणारच, घरात असं कोणी बोलत नाही. नामाला नाम, क्रियापदाला क्रियापद हा हट्ट सोडा. 'मुलगा गेला, त्यातून ती अजून सावरलेली नाही.' विशेषण असेल तेव्हा मात्र 'शोकाकुल' चालतं, तेही बातमीत किंवा निधनपत्रिकेत. आणि 'ग्रीव्हिंग'चं 'डिप्रेशनमध्ये आहे' करू नका. ते आजाराचं नाव आहे.