खालची दाढ भरायचीय, चांदी घालू की दाताच्या रंगाचं?

गंगावेसकर:
नमस्कार मंडळी. उजवीकडची खालची दाढ किडलीय. परवा गुऱ्हाळावर गरम गूळ तोंडात टाकला आणि अशी कळ गेली की तिथंच खाली बसलो. राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी एक्सरे काढला, म्हणाले कीड दाताच्या नसेपर्यंत पोचलेली नाही, रूट कॅनाल लागत नाही, दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट भरू, 1500 होतील. मग मेव्हण्याच्या ओळखीनं शाहूपुरीत दुसऱ्यांना दाखवलं तर ते म्हणतात मागची दाढ कोण बघतंय, चांदी भरा, 600 त काम होतंय आणि टिकतंय पण. आमच्या वडिलांच्या तोंडात चांदीच हाय, 30 वर्षं तरी झाली असतील, अजून दातानं ऊस सोलत्यात. पण बायकोनं मोबाईलवर वाचलं की चांदीत पारा असतो, तेव्हापासून घरात वेगळंच चालू झालंय, मामांची, म्हणजे आमच्या वडिलांची, पण काढून टाका म्हणत्या. शिवाय पोरगी 5 वर्षांची, तिची दुधाची दाढ पण भरायचीय. कुणी काय काय केलंय सांगा.

तांबडा_पांढरा:
भावा चांदी. लई विचार करू नको. माझी 2009 ची हाय, मटण हाडं सगळं चालतंय. फक्त पहिल्या दिवशी त्या बाजूनं चावायचं नाही, पूर्ण घट्ट व्हायला 24 तास लागतात. मी त्याच रात्री नळी फोडायला गेलो, कोपरा उडाला, सकाळी परत जाऊन डॉक्टरांच्या शिव्या खाल्ल्या. आणि चॉकलेटचा चंदेरी कागद चुकून त्या दाढेखाली आला की करंट बसल्यागत होतंय, खोटं वाटत असेल तर वडिलांना विचार.

उचगावची_ताई:
मी कॉम्पोझिट केलेलं आणि दीड वर्षात निघालं. पण चूक मटेरियलची नव्हती असं आता वाटतं. पहिल्या ठिकाणी घाई, तोंडात लाळ, कापूस भिजून चिंब, 10 मिनिटांत निळा लाईट मारून बाहेर. तेव्हापासून गार पाणी प्यायलं की सणक जायची, मी आपली दात आंबलेत म्हणून पेस्ट बदलत बसले. दुसऱ्या डॉक्टरांनी उघडून बघितलं तर खाली परत कीड. त्यांनी दाढेभोवती रबराचा पडदा लावला, पाऊण तास घेतला, पातळ थर देत देत भरलं, 4 वर्षं झाली काही नाही. आधी विचारा पडदा लावणार का.

दातवाली_डॉक्टर:
मी डेंटिस्ट, पण क्लिनिक सांगलीला आहे, त्यामुळं पेशंट पळवते म्हणू नका. ताई बोलल्या ते बरोबर आहे. कॉम्पोझिट दाताला चिकटतं, आधी ॲसिडचं जेल, मग बाँडिंग म्हणजे चिकटवणारं द्रव, मग साधारण 2 मिलिमीटरचा थर आणि प्रत्येक थराला लाईट. मधे लाळ किंवा रक्त लागलं की चिकटणं संपलं. चांदीला एवढे लाड लागत नाहीत, पण साधी चांदी चिकटत नाही, अडकून बसते, म्हणून खड्डा आत रुंद आणि तोंडाशी अरुंद करावा लागतो आणि त्यात थोडा चांगला दात पण कापला जातो. म्हणून दादा, डॉक्टरांना एवढंच विचारा की कीड फक्त वरून आहे का बाजूनं हिरडीखाली गेलीय. वरच्या वर असेल तर मी डोळे झाकून कॉम्पोझिट करेन. हिरडीखाली ओल थांबत नसेल तर चांदीवाल्या डॉक्टरांचं पण चुकत नाही. आणि अर्धी दाढच गेली असेल तर भरण्यापेक्षा ऑनले (बाहेर बनवून दाढेवर चिकटवायचा तुकडा) किंवा कॅपचं बघावं लागेल.

पाऱ्याचं, हो, वजनानं जवळजवळ निम्मा पाराच असतो, बाकी चांदी, कथील, तांबं. चावताना अगदी थोडी वाफ निघते. अमेरिकेत औषधं-उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीएनं 2020 ला गरोदर बायका, 6 वर्षांखालची मुलं, किडनीचे पेशंट वगैरेंना नवीन चांदी शक्यतो टाळा म्हणून सांगितलं, पण चांगली बसलेली जुनी काढू नका असंही त्यातच आहे, कारण ड्रिलनं काढतानाच जास्त वाफ निघते. युरोपियन युनियनमध्ये 1 जानेवारी 2025 पासून काही अपवाद सोडून बंदी आहे, त्यात पाणी-मातीत जाणाऱ्या पाऱ्याचा मुद्दा मोठा. वहिनींना सांगा, मामांची दाढ आहे तशी राहू दे.

मुलीला ग्लास आयोनोमर. दातासारखंच दिसतं, थोडं फ्लोराइड सोडतं, आणि पोरं तोंड किती वेळ उघडं ठेवतात ते तुम्हाला माहीतच आहे, त्यात हे पटकन होतं. लवकर झिजतं, म्हणून मोठ्यांच्या चावायच्या दाढेला मी शक्यतो वापरत नाही, पण दुधाची दाढ 10-12 व्या वर्षी पडणारच.

गंगावेसकर:
आभारी हाय डॉक्टर. जाऊन आलो. कीड वरच्या वरच निघाली, कॉम्पोझिट ठरलं, पडद्याचे 300 वेगळे घेणार, शनिवारी बोलावलंय. पोरगीचं आजच झालं, वर व्हॅसलिन लावून दिलं तर घरी येईपर्यंत चाटून संपवलं. वडील म्हणाले माझ्या दाढेला कोण हात लावतंय बघू. आता एकच, शनिवारी रात्री पाव्हण्यांकडं जेवण हाय, रस्सा मंडळ. कॉम्पोझिटला पण 24 तास काय?

तांबडा_पांढरा:
नळी माझ्याकडं पाठव.

दातवाली_डॉक्टर:
नाही, ते लाईटखालीच घट्ट होतं. फक्त इंजेक्शनचा बधिरपणा उतरू दे, दोन-तीन तास लागतात, नाहीतर मटणाबरोबर स्वतःचा गाल चावाल.