औषधांना न जुमानणारे जंतू कुठे तयार होतात: मेडिकल दुकानात की रुग्णालयात?

निपाणीकर
आपल्या भागातला गंभीर रुग्ण बेळगाव, कोल्हापूर किंवा मिरज गाठतो, शस्त्रक्रियाही नीट पार पडते आणि मग व्हेंटिलेटरवर असताना न्यूमोनिया उद्भवतो. कल्चरचा, म्हणजे जंतू वाढवून त्यावर कोणते औषध चालते हे पाहणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट येतो तेव्हा प्रतिजैविकांच्या यादीत एकामागून एक ‘आर’ असते, म्हणजे ते औषध त्या जंतूवर चालत नाही. याचे मूळ आपल्या बाजारपेठेत आहे, असे माझे ठाम मत आहे. साध्या सर्दीतापालाही मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय सेफिक्झिम हे प्रतिजैविक मिळते. हे औषध ‘एच-१’ अनुसूचीत, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या सरकारी यादीत असल्याने १ मार्च २०१४ पासून डॉक्टरांचे व रुग्णाचे नाव वेगळ्या वहीत नोंदवून ती वही ३ वर्षे जपणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. या वह्या तपासाव्यात आणि कसूर करणाऱ्यांचे परवाने निलंबित करावेत.

मेडिकल दुकानदार, खानापूर तालुका
मी असहमत आहे. पावसाळ्यात कणकुंबीकडच्या शेतमजुराला डॉक्टर गाठायचा तर दिवसाची मजुरी बुडते, वर बसभाडे आणि फी. शिवाय मेरोपेनेम आणि कोलिस्टिन ही गंभीर संसर्गावरची प्रतिजैविके माझ्या फडताळात नसतात. ती रुग्णालयातच शिरेतून दिली जातात. त्यांना दाद न देणारा जंतू माझ्या दुकानात कसा तयार होईल? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार रुग्णालयात दाखल झालेल्या दर १०० रुग्णांपैकी श्रीमंत देशांत ७ जणांना, तर गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना तिथेच नवा संसर्ग होतो. हा फरक स्वच्छतेचा आणि मनुष्यबळाचा आहे. लहान दुकानदारावर खापर फोडणे सोपे आहे, एवढेच.

परिचारिका, अतिदक्षता विभाग, बेळगाव
दुकानदारदादा, तुमचे अर्धेच म्हणणे मला मान्य आहे. गरज नसताना घेतलेल्या सेफिक्झिमने आतड्यातले साधे जंतू मरतात आणि ते औषध फोडणारे विकर बनवणारे ई. कोलाय मागे उरतात. तोच माणूस पुढे आमच्याकडे दाखल झाला की लघवीच्या नळीवाटे तेच जंतू मूत्राशयात शिरतात. त्यांच्यावर नेहमीची औषधे चालत नाहीत, म्हणून मेरोपेनेम सुरू करावे लागते. म्हणजे ते वापरण्याची वेळ आमच्यावर येते ती काही अंशी तुमच्या गोळ्यांमुळेच.

मात्र एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जंतू जातात ते बहुतांशी आमच्या हातांनी, हे मी लपवणार नाही. रात्रपाळीत एका परिचारिकेकडे व्हेंटिलेटरवरचे अनेक रुग्ण असतात. एकाच्या घशातला कफ यंत्राने ओढून होतो तोच शेजारच्या मॉनिटरचा अलार्म वाजतो. हातावर जंतुनाशक द्रावण नीट चोळायला २० ते ३० सेकंद लागतात आणि नेमके तेवढेच सेकंद तिच्याकडे नसतात. कधी खाटेच्या पायथ्याची बाटलीच रिकामी असते. व्हिएन्नात सेमेलवाइस या डॉक्टरांनी १८४७ मध्ये डॉक्टरांना क्लोरीनच्या द्रावणात हात धुवायला लावून बाळंतिणींचे मृत्यू कमी करून दाखवले होते. गरज संपली त्याच दिवशी लघवीची नळी काढणे हाही बिनखर्चाचा उपाय आहे, पण ‘राहू दे अजून एक दिवस’ असे म्हणत ती तशीच राहते.

निपाणीकर
ताई, मग प्रत्येक रुग्णालयाने कोणते औषध कोणत्या जंतूवर किती चालते याचा वार्षिक तक्ता तालुक्यातल्या डॉक्टरांना द्यावा. वह्यांच्या तपासणीची मागणी मात्र मी सोडणार नाही.

मेडिकल दुकानदार, खानापूर तालुका
तपासणी जरूर करा. पण आधी आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रोज डॉक्टर बसू द्या. मग चिठ्ठीशिवाय आलेल्या प्रत्येकाला मी तिकडेच पाठवीन.