मोहाच्या ढोलीतला भुसा : नरसाळ्यातून नुसती धूळ पडतेय, मदत हवी

धुरेकरी : गडचिरोली जिल्हा, शेताच्या धुऱ्यावरचा मोह, ढोली दीड मीटर उंचीवर. आतले बारीक जीव गोळा करायला तळाचा 2 लिटर ओलसर भुसा काढला. पाण्याच्या 20 लिटर कॅनचा वरचा भाग कापून नरसाळं केलं, आत मच्छरदाणीची जाळी, भुशापासून 6 सेंमीवर 60 वॅटचा पिवळा बल्ब, खाली स्पिरिटची बाटली. दोन दिवसांत बाटलीत धूळ आणि पाच-सहा माइट (कोळ्याच्या नात्यातले अगदी बारीक जीव). छद्मविंचू (विंचवासारखे चिमटे, पण नांगी नसलेले बारीक जीव) वरच्या थरातच वाळून मेलेले, स्प्रिंगटेल (उड्या मारणारे बिनपंखी बारीक जीव) कॅनच्या ओल्या भिंतीला चिकटलेले. चुकतंय कुठं?

चाळण : भाऊ, तुम्ही भुसा भाजताय! वरचा थर हळूहळू वाळला तरच किडे ओलीमागे खाली सरकतात. इथं कोरडेपणा त्यांच्या चालीपेक्षा जोरात उतरतोय. झिरोचा बल्ब लावा (नाव झिरो, खातो 15 वॅट). पहिले दोन दिवस 25 सेंमीवर, मग रोज थोडा खाली. एलईडी नको, ऊब पुरत नाही. थर 5 सेंमीच, आणि आठवडाभर धीर.

मच्छरदाणीचं भोक जेमतेम मिलिमीटरभर. माइट सुटतो, चिमटेवाला छद्मविंचू अडतो. 3-4 मिमीची जाळी घ्या. धूळ वाढेल, म्हणून भुसा भरताना खाली बाटलीऐवजी कागद ठेवा, पडलेलं परत वर टाका, मगच बाटली लावा.

भुसा भिंतीला टेकू देऊ नका. भोवती बोटभर जागा सोडली की वाफ वर निघून जाते. स्पिरिट 70 टक्के, त्यात ग्लिसरीनचे चार थेंब; स्पिरिट उडालं तरी नमुने कडक होत नाहीत.

धुरेकरी : रात्री लाइन जाते, चालेल?

सालपापुद्रा : चालेल, दिवस वाढतील एवढंच. लाइनचा भरवसाच नसेल तर विंकलर पिशवी करा. भुसा 1 सेंमीच्या चाळणीतून गाळून जाळीच्या पिशवीत, ती बंद कापडी पिशवीच्या आत टांगलेली, बुडाशी बाटली. तीन दिवस सावलीत. मुंग्या-भुंगेरे छान पडतात, माइट आणि स्प्रिंगटेलला मात्र नरसाळंच बरं.

पण 2 लिटर फार झाला. हा भुसा साचायला वर्षं जातात, हुमणीसारख्या पांढऱ्या अळ्या त्यातच वाढतात. अर्धा लिटर पुरे, आणि अळ्या दिसल्या तर तिथंच परत ठेवा. हात घालण्याआधी टॉर्च मारा : साप, विंचू, सातेरी मधमाश्यांचं पोळं, काहीही असतं. धनेश किंवा पिंगळ्याचं घरटं असेल तर ढोली सोडाच. जंगलातल्या झाडासाठी आधी वन विभागाची लेखी परवानगी.

मोठा भुंगेरा मिळाला तर पाय आणि पंखांखालची जागा भिंगातून बघा. छद्मविंचू तिथं चिमटा लावून फुकट प्रवास करतात.