व्यसनमुक्तीच्या हेल्पलाइनवर घरच्यांनी फोन केला तर चालतो का?

प्रश्न: लातूरची बहीण

माझा धाकटा भाऊ केज तालुक्यात राहतो. त्याचे वय ३४ आहे. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास तो आणि भावजय ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. गेल्या सहा-सात वर्षांत त्याचे पिणे इतके वाढले आहे की सकाळी दारू पोटात गेल्याशिवाय हातांची थरथर थांबत नाही. पोळ्याला वडिलांनी शपथ घातली म्हणून त्याने दारूला स्पर्श केला नाही, तर दुसऱ्या रात्री त्याला झटका येऊन दातखीळ बसली. गावात कोणी मिरगी म्हटले, कोणी बाहेरचे. तिसऱ्या दिवशी त्याने पुन्हा प्यायला सुरुवात केली आणि खरे सांगायचे तर घरच्यांनाही हायसे वाटले.

ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन झाली असल्यामुळे आमच्या हाती फार तर महिना आहे. मी १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन लावला, परंतु पलीकडून आवाज येताच काय बोलावे हे न सुचल्याने ठेवून दिला. अशा ठिकाणी बहिणीने फोन केला तर चालतो, की ज्याला व्यसन आहे त्यानेच बोलावे लागते? नाव पोलिसांकडे जाते का? एका नातेवाइकाने चहात मिसळण्याची पावडर सुचवली आहे, ती द्यावी का?

उत्तर: निवृत्त परिचारिका

ताई, फोनचे नंतर पाहू. आधी त्या झटक्याविषयी लिहिते, कारण मला काळजी त्याचीच वाटते.

रोज पिणाऱ्याच्या मेंदूला दारूची सवय झालेली असते. ती एकदम तोडली की ६ ते २४ तासांत थरकाप, घाम आणि अस्वस्थता सुरू होते, साधारण १२ ते ४८ तासांच्या दरम्यान झटके येऊ शकतात, आणि काहींना दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम होऊन नसलेली माणसे, किडे, जनावरे दिसू लागतात. या शेवटच्या अवस्थेत उपचार मिळाले नाहीत तर जीवही जाऊ शकतो. आपल्याकडे नेमके याच वेळी माणसाला खोलीत कोंडले जाते किंवा देवाला नेले जाते. तुमच्या भावाला झटका आला तो दारू सुटल्यानंतर दुसऱ्या रात्री, म्हणजे तो मिरगीचा असण्यापेक्षा दारू तुटल्याचा असण्याची शक्यता अधिक आहे. तपासून निदान मात्र डॉक्टरांनीच करायचे. त्याला रुग्णालयात नेईपर्यंत शपथ घालून दारू बंद करू नका. गावात सलाईन लावून घेण्याची घाईही नको, कारण अशा रुग्णाला थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) न देता नुसते ग्लुकोज चढवणे मेंदूला अपायकारक ठरू शकते.

आता फोन. बहीण, पत्नी, आई, कोणीही बोलू शकते. १४४४६ ही केंद्राच्या सामाजिक न्याय व अधिकारिता मंत्रालयाची व्यसनमुक्तीसाठीची निःशुल्क सेवा आहे. रात्री-अपरात्री बोलायचे असल्यास टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक २४ तास चालतो आणि तेथे मराठी भाषा निवडता येते. पिणाऱ्याचे नाव पोलिसांना कळवणे हे या सेवांचे काम नाही. १९३३ हा क्रमांक प्रामुख्याने अमली पदार्थांच्या व्यापाराची खबर देण्यासाठी आहे, त्यामुळे तो आणि हे क्रमांक एक समजू नका.

बोलणे सुचत नसेल तर कागदावर लिहून घ्या: किती पितो, किती वर्षांपासून, झटका कधी आला, कावीळ किंवा रक्ताची उलटी झाली होती का, झोपेच्या किंवा ‘बटन’ म्हणतात तसल्या गोळ्या घेतो का. एवढे वाचून दाखवले तरी पुरे. केजहून अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. तेथील मनोविकार विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षात त्याला दाखवा. पुन्हा झटका आला तर हेल्पलाइन नव्हे, थेट १०८.

उत्तर: गेवराईची सून

पावडर देऊ नका. जाहिरातीतली असलीच पावडर मी यजमानांना न सांगता वरणातून दिली होती. संध्याकाळी ते पिऊन आले आणि अर्ध्या तासात त्यांचा चेहरा लालबुंद झाला, छाती धडधडू लागली, उलट्या होऊन रक्तदाब खाली गेला. डॉक्टरांनी सांगितले की पावडरीत बहुधा डायसल्फिराम असावे. त्याने दारूचे पचन अर्ध्यावर अडते आणि विषारी द्रव्य रक्तात साचते. हे औषध डॉक्टरही देतात, पण रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने आणि दारू सुटल्यावरच. यजमान वाचले, परंतु पुढचे वर्षभर त्यांनी माझ्या हातचे जेवण शंकेनेच खाल्ले.

उत्तर: पाच वर्षे कोरडा

हेल्पलाइनकडून अपेक्षा बेताची ठेवा. मला पहिल्या वेळी बराच वेळ ताटकळत ठेवले आणि शेवटी दोन पत्ते दिले. त्यातला एक उपयोगी पडला, एवढे मात्र मान्य करतो. कोणी खासगी केंद्र सुचवल्यास, मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ खाली त्याची नोंदणी आहे का हे आधी विचारा. त्या कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. तरीही ‘आठवडाभर भेटू देणार नाही, आम्ही सरळ करून देतो’ असे सांगणारी केंद्रे मी पाहिली आहेत.

उपचारानंतरच्या काळासाठी अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या विनामूल्य सभा असतात आणि कुटुंबीयांसाठी अल-अॅनॉन आहे. उसाच्या फडात सभा कोठून मिळणार, हा प्रश्न खराच आहे. कारखान्यावर गेल्यावर फोन करण्याचे काम म्हणूनच भावजयीवर सोपवा.

लातूरची बहीण

आपणा सर्वांची आभारी आहे. काल भावजयीला शेजारी बसवून १४४१६ वर बोलले. कागद वाचताना दोनदा अडखळले, परंतु पलीकडील बाईंनी घाई केली नाही. त्यांनीही झटक्याविषयीच सर्वांत आधी विचारले. सोमवारी अंबाजोगाईला जाणार आहोत. पावडर मी नातेवाइकाकडून मागवलीच नाही. भावाला सर्व सांगून टाकले, तेव्हा तो रागावला आणि उठून बाहेर निघून गेला. संध्याकाळी मात्र त्याने केसपेपरसाठी आधार कार्ड स्वतःच शोधून फळीवर काढून ठेवले.